धुतलेला डबा

‘भांड्याला आठवण असते, पोरी. आपण घासून मोकळे होतो, ते मोकळं होत नाही,’ असं लॅबमधली भांडी धुणारी मालसुन मावशी म्हणाली होती, आणि ग्यूरी हसली होती. नुसती हसली असती तरी चाललं असतं. हातमोजे उतरवता उतरवता ती म्हणाली होती, ‘मावशी, टेफ्लॉन आहे ते. त्याला काही म्हणजे काही चिकटत नाही. तुमच्या घरचा तवासुद्धा त्याचाच आहे.’ मावशीने पेला उजेडाकडे धरला, आत एक डोळा घातला आणि म्हणाली, ‘मग माझ्या तव्याला येऊन विचार, काल कुठला मासा भाजला होता ते. सांगेल तो.’ लॅबमधले सगळे हसले. मावशीही हसली. पण पेला खाली ठेवताना तिने तो दोन्ही हातांनी ठेवला, जिवंत काहीतरी ठेवावं तसा. ‘निदान वहीत लिहून ठेव,’ ती म्हणाली. ग्यूरीने ‘हो हो’ म्हटलं. तिच्या ‘हो हो’मधला दुसरा ‘हो’ नेहमी ‘जा आता’ या अर्थाचा असायचा, हे तिच्या आईने तिला लहानपणीच सांगितलं होतं.

पाच वर्षं झाली त्याला. आज शनिवारी दुपारी दार उघडलं तर बाहेरच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली होती आणि पिशवीत तिचाच डबा होता. मंगळवारी तिच्या लेकीला, दान्बीला, वर्ष पूर्ण झालं. त्या दिवशी तांदळाच्या वाफवलेल्या पांढऱ्या वड्या आणि लाल पुरणात घोळवलेले गोळे अकरा घरी आणि लॅबमध्ये गेले. लॅबमधल्या सेबोमसाठी वेगळा डबा भरला होता, कारण सेबोम हल्ली चारचौघांत खात नाही असं कुणीतरी म्हणालं होतं. वाढदिवसाच्या वड्यांचं भांडं कुणी धुऊन देत नाही. पिठाचे कण असतील तसेच, वरून दीर्घायुष्यासाठी दोऱ्याची एक लड नाहीतर मूठभर तांदूळ घालून ते परत यायचं असतं. धुतलं की पोराच्या वाट्याचं भाग्य पाण्याबरोबर गेलं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनीसुद्धा, ज्यांना आपल्या घराचा दरवाजा आठवत नाही, त्यांनीही डबा तसाच चिकट परत केला होता आणि आत पांढऱ्या दोऱ्याची लड होती. सेबोमचा डबा मात्र धुतलेला होता. ग्यूरीने झाकण उघडलं. आत काही नव्हतं. वाससुद्धा नव्हता. झाकणाच्या खाचेतली रबरी कडी कुणीतरी काढून, धुऊन, पुसून, पुन्हा नीट बसवली होती. डबा नवा घेतला होता तेव्हाही इतका नवा नव्हता.

पहिली भीती तिला वाटली ती दान्बीसाठी. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या बाईने एका रिकाम्या डब्याला घाबरावं याची लाजही त्याच क्षणी वाटली, पण भीती लाजेच्या आधी पोचलेली असते. ती आत गेली आणि झोपलेल्या पोरीच्या नाकाजवळ मनगट धरलं. श्वास होता. खिडक्यांच्या फटींना तिने सकाळीच ओली फडकी लावली होती. पश्चिमेकडून येणाऱ्या पिवळ्या धुळीचा आज तिसरा दिवस. शहर जुन्या फोटोसारखं दिसत होतं, नदीपलीकडच्या इमारती तर नव्हत्याच. फोनवर धुळीचा आकडा ती दर वीस मिनिटांनी बघत होती. तेवढ्यात थेगॉनचा फोन आला. तो सेजोंग शहरातल्या ज्या सरकारी कचेरीत काम करतो तिथूनच ते धुळीचे इशारे निघतात, त्यामुळे धूळ आली की नवरा घरी नसतो.

‘पोरीला बाहेर काढू नकोस हं. आत्ताचा मेसेज मीच पाठवलाय.’

‘सगळ्या देशाला पाठवलास, आता बायकोला वेगळा?’

‘देश ऐकतो गं.’

तिने त्याला डब्याचं सांगितलं. तो म्हणाला, ‘स्वच्छ मुलगी आहे, त्यात काय एवढं? हल्लीच्या पोरांना कुठे माहीत असतं?’ ग्यूरी म्हणाली, ‘तिची आई थोंगयंगच्या बाजारात वड्या विकते, थेगॉन. वाफेच्या पेटाऱ्यांमध्ये वाढलेली पोर आहे ती. तिला नाही माहीत तर कुणाला?’ तो म्हणाला, ‘मग विसरली असेल.’

विसरली असेल. फोन ठेवल्यावर तो शब्द स्वयंपाकघरात राहिला. ग्यूरीने डबा ओट्यावर ठेवला, पुन्हा हातात घेतला, रबरी कडी नखाने काढली. खाचेतसुद्धा काही नव्हतं. दाभण किंवा कापसाची काडी घालून कुणीतरी खाच साफ केली होती. अशी खाच कोण साफ करतं? जिला कुणीतरी सारखं विचारतं, नीट धुतलंस का, ती. आणि मग दान्बीची भीती तिच्या अंगावरून हळूहळू ओसरली आणि तिच्या खालून दुसरी, सेबोमसाठीची, वर आली. ती आज आलेली नव्हती. वर्षभर तिथेच होती.

सेबोम डॉक्टरेटच्या पाचव्या वर्षाला आहे. ग्यूरी बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा आपलं काम तिने सेबोमच्या हातात दिलं होतं. काम म्हणजे स्फटिक. नुसत्या डोळ्यांना ती पांढरी पूड दिसते, टाल्कम पावडरीसारखी. पण सूक्ष्मदर्शकाखाली झिओलाइट या उत्प्रेरकाचा एकेक स्फटिक शवपेटीसारखा दिसतो, जाड, कोपरे कापलेला, आणि त्याच्या आतून आरपार बोगदे गेलेले असतात, एवढे अरुंद की एकेक रेणू अंग चोरून आत जातो. आत जायचं, बदलायचं, दुसरंच काहीतरी होऊन बाहेर पडायचं. जाड स्फटिकात वाट लांब. आत शिरलेला रेणू मध्येच अडकतो, मागून येणारे त्याच्यावर चढतात आणि सगळ्यांची मिळून काजळी होते. दोन दिवसांत उत्प्रेरक काळा पडतो, मेला. ग्यूरीने तेच स्फटिक पातळ केले होते, कौलासारखे, आणि आडवी वाट एवढी आखूड की अडकायला जागाच नाही. तोच उत्प्रेरक सहापट टिकला. तिच्या आधी हे जमवणाऱ्यांना एक महागडा, लांब शेपटीचा रेणू घालावा लागे. तिने तो न घालता, साध्या स्वस्त कृतीने ते केलं होतं. त्या पातळ स्फटिकांचा फोटो लॅबप्रमुख योम सरांनी चौकट करून लॅबच्या दाराशी लावला. पाहुणे आले की सर आधी फोटो दाखवतात, मग ग्यूरी. तिची नोकरी त्या फोटोवर आहे. ऑगस्टमध्ये करार संपतो, तो पुढे चालू राहणार आहे तोही त्या फोटोवरच.

सेबोमच्या हातून एकदाही पातळ स्फटिक आले नाहीत. रजेत तिचे फोन यायचे, बहुतेक दान्बी अंगावर पीत असताना. ग्यूरीने त्या महिन्यांत इतकं बाळंतिणीचं समुद्रशेवाळाचं सूप प्यायलं होतं की तिला स्वतःच्या घामाला समुद्राचा वास यायचा. अर्धवट झोपेत फोन खांद्याशी धरलेला. ‘ताई, परत जाडेच आले.’ ‘तापमान?’ ‘तेच.’ ‘भट्टीत भांडं फिरत होतं ना?’ ‘हो ताई. मी बाजूला बसून होते.’ आणि मग ती तो प्रश्न विचारायची. का विचारायची हे तिने स्वतःला कधी विचारू दिलं नाही. ‘पेला नीट धुतलास ना?’ पलीकडून बारीक आवाज: ‘धुतला, ताई. परत धुते.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा. ‘कॉस्टिक सोड्यात उकळवलास?’ ‘दोनदा.’ ‘तिसऱ्यांदा करून बघ.’ योम सर वाईट माणूस नाहीत. पण ते एका बैठकीत म्हणाले, ‘कृती तीच, माल तोच. मग उरतात ते हात.’ हे ग्यूरीला कुणीतरी हसत सांगितलं होतं. तीही हसली होती. दान्बीला ढेकर यायची वाट बघत, खांद्यावर थोपटत.

आणि तिला माहीत होतं. माहीत असणं आणि स्वतःला माहीत होऊ देणं यांत एक दार असतं, ते तिने पायाने लोटून धरलं होतं. लॅबमध्ये तेव्हा तीसेक पेले होते, पोलादी भांड्यांच्या आत बसणारे पांढरे जाड टेफ्लॉनचे, बुडाला नंबर कोरलेला. पहिल्यांदा पातळ स्फटिक निघाले ते चौदा नंबरच्या पेल्यात. बाकी तीन पेल्यांत तेच मिश्रण, तीच भट्टी, आणि शवपेट्या. तिने पुन्हा चौदा घेतला. पुन्हा कौलं. चारशे रात्रींच्या अपयशानंतर माणूस शास्त्रज्ञ राहत नाही, शकुन बघून दुकान उघडणारी बाई होते. तिने मालसुन मावशीला, जी सगळ्यांची भांडी धुवायची, बाजूला घेऊन म्हटलं, ‘मावशी, चौदा नंबर कॉस्टिकमध्ये टाकू नका. नुसता पाण्याने खळखळवा. वाढदिवसाच्या वड्यांचं भांडं समजा. नशीब धुऊन जाईल माझं.’ थट्टेतच म्हणाली होती. पण दर वेळी म्हणाली होती, वर्षभर. त्याच वर्षात एकदा मावशी ते म्हणाली, आठवण असते म्हणून. आणखीही म्हणाली होती, ते ग्यूरीला आत्ता, ओट्याशी उभं असताना, शब्दनशब्द आठवलं: ‘त्या वुल्सानला नोकरीवर गेलेल्या मुलाचा पेला होता तो. तो काहीतरी लांब शेपटीचं महागडं घालायचा. त्याचं काय काय अजून भिंतीला असेल, आपल्याला काय दिसतंय?’ म्हणजे विरजण होतं ते. दूध कितीही साधं असो, भांड्याला मागचं कवडीभर दही लागलेलं असलं की झालं. त्या मुलाच्या पातळ स्फटिकांचे न दिसणारे तुकडे पेल्याच्या ओरखड्यांत बसलेले होते, आणि तिचं साधं स्वस्त मिश्रण त्यांना बघून त्यांच्यासारखं वाढत होतं. ती वहीत मात्र दर पानावर, छापील रकान्यात, ‘पेला प्रमाणित पद्धतीने धुतला’ यापुढे बरोबरची खूण करत गेली. खोटं बोलावं असं मनात नव्हतं. रकाना होता, खूण केली. मग मावशी निवृत्त झाली. सुरक्षा तपासणीवाले आले आणि सगळे जुने, ओरखडलेले पेले पिंपात टाकले गेले, नवे आले. ग्यूरीला तेव्हा सातवा महिना होता. चौदा नंबर पिंपात पडताना तिने पाहिला. पोटात पोरीने लाथ मारली. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि कशातून ते तिने पाहिलं नाही.

सेबोमला तिने चार वेळा फोन लावला. बंद. धुळीचा आकडा आणखी वर गेला होता. दान्बी उठली, तिला तिने टोपी, मास्क, वरून स्वतःचा पातळ स्कार्फ, असं गुंडाळून छातीशी बांधलं आणि आरशात पाहिलं तर दोघी कुठेतरी पळून निघाल्यासारख्या दिसत होत्या. टॅक्सीवाला म्हणाला, ‘अहो, अशा हवेत लेकराला घेऊन?’ ती म्हणाली, ‘काम आहे.’ तो म्हणाला, ‘असंच म्हणतात सगळे,’ आणि त्याने न सांगता खिडक्यांची बटणं दाबून पाहिली, एकेक. पूर्ण रस्ताभर तिने दान्बीच्या नाकाजवळ बोट धरून ठेवलं. विद्यापीठाच्या पश्चिम फाटकामागे एकेका खोलीच्या इमारती आहेत, सगळ्या सारख्या, कडेला कपडे वाळत घालायच्या दांड्या. सेबोम तिसऱ्या मजल्यावर राहते. जिना चढताना ग्यूरीला वाटत होतं, आपण जाड स्फटिकाच्या बोगद्यातून चाललोय, वाट संपत नाहीये.

दाराबाहेर उभं राहिल्यावर आतून पाण्याचा आवाज येत होता. नळ सोडलेला. तिने दार वाजवलं.

‘सेबोम, मी आहे. ग्यूरीताई.’

पाणी चालूच. मग आवाज, अगदी नेहमीचा: ‘ताई? मी ठीक आहे हं. जरा झोपले होते.’

नळ सोडून कोण झोपतं? ग्यूरीने दाराला कपाळ टेकवलं. मध्ये दान्बी होती, ती दाराच्या थंड पत्र्याला हात लावून बघत होती. ‘डबा मिळाला तुझा,’ ग्यूरी म्हणाली. ‘धुतलास तू.’

पलीकडून खरोखर दचकलेला स्वर: ‘धुतला? मी? नाही... अगं आई गं. ताई, मी खरंच... माझ्या आईला सांगू नका. वड्यांबरोबर उकडून काढेल मला.’ ती हसली, आणि हसणं मध्येच कुठेतरी घसरलं. ‘माझ्या लक्षातच नाही आलं. हातात आलं की मी धुते, ताई. हातात काय आहे ते बघतच नाही.’

ग्यूरीने ते तिथेच सांगितलं, जिन्यात, बंद दाराला. आधी वाटलं होतं समोर बसून, समजावून सांगू, पण समोर बसल्यावर माणूस शब्द निवडतो. ‘चौदा नंबरचा पेला मी कधी धुतला नाही. वर्षभर. मावशीला धुऊ दिला नाही. त्यात आधीच्या, वुल्सानला गेलेल्या मुलाचं बीज होतं, त्याच्यामुळे माझे स्फटिक पातळ आले. माझी कृती खोटी आहे. तू बरोबर करत होतीस, म्हणून तुला जमत नव्हतं.’

नळ बंद झाला. एवढा वेळ तो आवाज होता म्हणून इमारतीत बाकीचेही आवाज आहेत हे कळलं नव्हतं. कुणीतरी वर खुर्ची ओढत होतं, कुठेतरी टीव्ही. दार साखळीपुरतं उघडलं. सेबोमचा अर्धा चेहरा, ओले केस.

‘अकरा महिने, ताई.’

‘हो.’

‘तुम्ही फोनवर विचारायचात. धुतला का म्हणून.’

‘हो.’

‘दर वेळी विचारायचात.’

‘हो.’

‘मला वाटायचं माझ्या हातांत काही आहे.’ तिने हात फटीतून बाहेर काढले, दाखवायला नव्हे, स्वतःच बघायला. बोटांच्या पेरांवर कातडं चिरलेलं होतं, कडांना पांढरं, मध्ये लाल. ‘घाण असेल, तेल असेल, काहीतरी. स्फटिकांना कळतं असं वाटायचं. मी बोटं कापून...’ ती थांबली. ग्यूरीने फटीतून साखळीला हात घातला. ‘तसं नाही हो. नुसतं मनात. मी ठीक आहे.’

‘तुझ्या हातांना काही झालेलं नाही,’ ग्यूरी म्हणाली, आणि मग त्या हातांकडे बघून, ‘म्हणजे, झालंय. ते मी केलंय.’

सेबोमने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. क्षमा वगैरे त्यात नव्हतं, रागही अजून पोचला नव्हता. लांबून चालत येत असावा. मग तिची नजर खाली गेली. ‘बाळाला घेऊन या धुळीत आलात? डोकं फिरलंय का तुमचं? आत या.’ साखळी निघाली.

खोलीत टेबलावर डॉक्टरेटचा प्रवेश रद्द करण्याचा अर्ज होता, भरलेला, सही केलेला. सोमवारी द्यायचा होता. खिडकीच्या कट्ट्यावर पेले, वाट्या, टूथब्रशचा ग्लास, सगळं पालथं, चकाकत. ग्यूरीने भात टाकला. दान्बी जमिनीवर मांडून दिलेले पालथे पेले एकेक करून उताणे करत होती आणि सेबोम ते परत पालथे घालत होती, मग एकदा घातला नाही. ग्यूरीने सेबोमच्या आईला फोन लावून दिला. आई म्हणाली, दुकान शेजारणीवर टाकून संध्याकाळच्या बसने निघते, आणि वर, ‘काय खाल्लंय त्या कार्टीने सकाळपासून?’ सेबोम भात पाण्यात कालवून चार घास जेवली. पाचव्या घासाला चमचा हवेत धरून म्हणाली, ‘ताई, पण मग मुद्दाम घातलं तर? बीज. चिमूटभर. त्या वुल्सानवाल्याचं थोडं मागवून, नव्या स्वच्छ पेल्यात.’ ग्यूरीला रडू आलं, ते तिने पोरीचं नाक पुसण्यात घालवलं. मग सेबोमने चमचा खाली ठेवला. ‘माझ्याशी बोललात ते ठीक. पण वहीत लिहा. बोललेलं सर धरत नाहीत. मीही धरणार नाही, ताई. उद्या उठले की मला वाटेल, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही बोललात.’

आई पोचेपर्यंत ग्यूरी थांबली. मग घरी जाताना टॅक्सी लॅबकडे वळवली. थेगॉनचे सात फोन येऊन गेले होते. दाराशी तो फोटो होता, कौलांचा. त्या कौलांतून आता तिला मावशीचा आवाज ऐकू आला. तिने कपाटातून स्वतःची जुनी वही काढली आणि सव्वीस पानांवरच्या सव्वीस खुणा एकेक करून खोडल्या, तारीख घातली, सही केली. ऑगस्ट मनात आला आणि गेला. मग सेबोमची वही जिथे संपली होती त्याच्या पुढच्या कोऱ्या पानावर, जे सोमवारी सकाळी लॅबमध्ये पहिला येणारा कुणीही उघडेल, तिने सगळं लिहिलं: पेल्याचा नंबर, आधी तो कुणाचा होता, काय धुतलं नाही, किती वेळा, कुणी सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नाही. त्या पानाचा फोटो काढून योम सरांना पाठवला, सेबोमला पाठवला. सेबोमने पाहिला. उत्तर आलं नाही. दान्बी छातीशी झोपली होती, गरम, जड. ग्यूरीने पेन ठेवलं, दिवा बंद करायला हात नेला, आणि परत बसली. रकाना नव्हता, तिने समासात लिहिलं.

हे पान जे कोणी वाचाल, तुम्ही. प्रयोग नंतर. मी नदीपलीकडे राहते, माझी पोर लहान आहे, मला रोज येणं जमेलच असं नाही, आणि सेबोमची आई चार दिवसांनी परत जाईल. तुम्ही आधी पश्चिम फाटकामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सेबोमकडे जाऊन या. दार वाजवा. ‘मी ठीक आहे,’ असं ती आतूनच म्हणेल. लगेच परत फिरू नका. जरा उभे राहा आणि ऐका, आत पाणी वाहतंय का. वाहत असेल, तर दार उघडेपर्यंत तिथेच थांबा.